युद्धस्मरण आणि विद्यापीठाचें व्यासपीठ

पहिल्या महायुद्धास शंभर वर्षें झालीं, त्या निमित्तानें २०१४ ते २०१८ या काळांत यूरोप-अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांनीं सार्वजनिक व्याख्यानमाला योजिल्या. विद्वानांनीं आपलें ज्ञान सामान्य गृहस्थांपर्यंत पोंचवावें, हा हेतु स्तुत्यच होय. तथापि अशा व्याख्यानांचें मूल्य वक्त्याचें पांडित्य व श्रोत्यांची गर्दी एवढ्यावरूनच ठरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या व्यासपीठावरून युद्धाचें स्मरण करावयाचें, त्या व्यासपीठानें युद्धकाळीं काय केलें, याचा हिशेब त्यांत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हा हिशेब लहान नाहीं. १९१४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्यानें बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठाचें ग्रंथालय जाळलें. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंतच जर्मनींतील ९३ नामांकित विद्वानांनीं व कलावंतांनीं जाहीरनामा काढून आपल्या सैन्याची बाजू उचलून धरली. माक्स प्लांक यांच्यासारख्या पदार्थविज्ञानवेत्त्याची सहीही त्यावर होती. बर्लिनमध्यें प्राध्यापकांनीं ‘कठीण काळांतील जर्मन भाषणें’ अशी व्याख्यानमालाच चालविली. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या इतिहासाध्यापकांनीं त्याच वर्षीं स्वदेशाचा पक्ष मांडणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९१६ मध्यें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनें युद्धविरोधी बर्ट्रंड रसेल यांस अध्यापकाच्या जागेवरून दूर केलें. पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानें दोघां अध्यापकांस काढलें, तेव्हां इतिहासकार चार्लस् बीअर्ड यांनीं राजीनामा दिला. बीअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. पण मतासाठीं अध्यापकाचें आसन जावें, हें त्यांस मान्य झालें नाहीं. अशीं माणसें थोडीं निघालीं, हीच खेदाची गोष्ट होय.

युद्धस्मरणाचें व्याख्यान कसें असावें, याचा उत्तम दाखला आम्हांस १९६४ सालांत सांपडतो. हाम्बुर्ग विद्यापीठाचे फ्रिट्झ फिशर यांनीं १९६१ मध्यें सरकारी दप्तरांच्या आधारें असें प्रतिपादन केलें कीं, युद्धाची बरीच मोठी जबाबदारी जर्मन राज्यकर्त्यांवरच येते. युद्धाच्या पन्नासाव्या वर्षीं ते अमेरिकेंत व्याख्यानांस निघाले, तेव्हां पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्रखात्यानें त्यांच्या खर्चाची तरतूद काढून घेतली. अमेरिकन विद्वानांनीं तो भार उचलला, आणि व्याख्यानें झालीं. फिशर यांचे निष्कर्ष सर्वांस पटले नाहींत. ख्रिस्तोफर क्लार्क यांनीं २०१२ च्या आपल्या ग्रंथांत दोष अनेक राष्ट्रांकडे वांटून दिला. परंतु स्वतःच्या घरचें दप्तर उघडून चारचौघांत वाचण्याचें धैर्य फिशर यांनीं दाखविलें, त्याचें मोल त्यामुळें उणें होत नाहीं.

कोणी म्हणेल, मृतांचें स्मरण हा श्राद्धासारखा प्रसंग. तेथें उलटतपासणी कशाला? पण श्राद्धांतसुद्धां मृताचें नांव व गोत्र उच्चारावें लागतें. मेसोपोटेमियांत कुत येथें १९१६ च्या २९ एप्रिलला शरण गेलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. त्या रणांगणावर पडलेल्यांसाठीं १९२९ मध्यें बसरा येथें स्मारक उघडलें गेलें, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं, आणि साध्या शिपायांची केवळ संख्या. अशा विषमतेची कबुली युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानें २०२१ च्या आपल्या अहवालांत दिली. किमान १,१६,००० मृतांचें, मुख्यतः पूर्व आफ्रिका व इजिप्त येथील, नांवानिशीं स्मरणच झालें नव्हतें, असें तो अहवाल सांगतो.

यापुढेंही विद्यापीठें युद्धांचीं स्मरणें करितील, आणि तीं करावींतही. मात्र श्रोत्यांनीं वक्त्यांस दोन प्रश्न निःसंकोचपणें विचारावे: त्या दिवसांत आपल्या विद्यापीठानें कोणास गप्प बसविलें? आणि आज आपण कोणाचें नांव घेण्याचें राहिलें? ज्या व्याख्यानमालेंत या प्रश्नांस उत्तर मिळेल, तिलाच आम्ही विद्यापीठाच्या नांवास शोभणारी म्हणूं.