नकाशावरचा लाल रंग नेमकं काय सांगतो?

वन्यजीवांच्या अधिवासावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की 'ह्यूमन फूटप्रिंट'चा नकाशा हमखास समोर येतो. जितका गडद लाल, तितका माणसाचा दबाव जास्त. मीही तो सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर टाकला होता. गाइडनी एवढंच विचारलं, "यात प्राणी कुठे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. मग पेपर नीट वाचायला घेतला.

ऑस्कर व्हेंटर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१६ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. बांधकाम, शेती, कुरणं, लोकसंख्येची घनता, रात्रीचे दिवे, रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग या आठ गोष्टींवरून जमिनीच्या प्रत्येक चौरस किलोमीटरला ० ते ५० गुण दिले आहेत. १९९३ ते २००९ या काळात लोकसंख्या २३ टक्क्यांनी आणि अर्थव्यवस्था १५३ टक्क्यांनी वाढली, पण दबाव ९ टक्क्यांनीच वाढला, असा निष्कर्ष आहे. एकाच मापाने जगभराची तुलना करता येणं ही मोठीच सोय आहे. गुण उपग्रह प्रतिमांवर पडताळलेही आहेत.

पण पडताळलं काय? माणसाच्या खुणा. प्राणी नव्हेत. लेखकांचा दावाही दबावापुरताच आहे. त्याला 'अधिवासाचा ऱ्हास' म्हणून टाकतो आपण.

दोन उदाहरणं बघा. या मोजणीत शेतजमिनीला ७ गुण आहेत, पीक कुठलंही असो. बिबट्याला मात्र उसात लपायला मिळतं, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना अकोले परिसरात, चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं असताना, दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे दबाव आहे आणि प्राणीही आहे. अर्थात 'आहे' म्हणजे 'सुखात आहे' असं नाही.

आता उलट बाजू. थरच्या वाळवंटात माळढोक वीजवाहिन्यांना धडकून मरतो. वजनदार पक्षी, समोरचं कमी दिसतं, तार जवळ आल्यावर वळता येत नाही. त्या आठ गोष्टींच्या यादीत वीजवाहिन्या नाहीतच! शिकारही नाही. फिका रंग बघून 'इथे ठीक आहे' म्हणालात तर फसाल. देशात साधारण दीडशेच उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही.

तेव्हा नकाशा जरूर वापरा, पण 'दबाव' असेल तिथे 'दबाव'च लिहा. तुमच्या प्रजातीला नेमका कशाचा त्रास होतो याची आधी यादी करा आणि ती त्या आठ गोष्टींशी ताडून बघा. शेजारी प्राण्याच्या प्रत्यक्ष नोंदी ठेवा. त्या नसतील तर नकाशा पहिल्या पानावर नको, अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात टाका. तिथे तो शोभतो.