उन्हाळ्यानंतरची संहिता

'गूगल समर ऑफ कोड' या २००५ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाचे यश अनेकदा सहभागी विद्यार्थ्यांच्या संख्येवरून मोजले जाते. हा निकष अपुरा आहे. २०१५ मध्ये याच उपक्रमात 'कॉन्व्हर्सेशन्स' या मुक्तस्रोत संदेशप्रणालीसाठी 'ओमेमो' ही कूटबद्धतेची पद्धती एका विद्यार्थ्याने सिद्ध केली. २०१८ मध्ये 'स्मॅक' या जावा लायब्ररीवरील अशाच प्रकल्पातून 'पीजीपेनलेस' जन्मास आली. दोन्हींचे खरे मोल उपक्रमोत्तर देखभालीत आहे. कारण कूटबद्धतेतील दोष वेळीच दुरुस्त न झाल्यास कापडेहून मुंबईस धाडलेला खासगी निरोपही असुरक्षित ठरतो. आपल्याकडे मात्र विद्यार्थ्याचा प्रकल्प बहुधा तोंडी परीक्षेबरोबरच संपतो. देखभालीस गुण दिल्याविना ही उणीव दूर होणार नाही.