मागच्या खोलीतल्या वाटाघाटी

मिशेल बार्निए यांची ब्रेक्झिटची डायरी २०२१ साली प्रसिद्ध झाली. आधी फ्रेंचमध्ये, त्याच वर्षी इंग्रजीत. युरोपीय संघाच्या वतीनं ब्रिटनशी चार वर्षं बोलणी करणारा हा माणूस. त्याची डायरी वाचताना मला सारखं एक जुनं पुस्तक आठवत होतं. भारतीय संस्थानांच्या विलीनीकरणाची हकिकत सांगणारं, व्ही. पी. मेनन यांचं १९५६ सालचं पुस्तक. बार्निएंच्या पुस्तकात एक देश संघातून बाहेर पडतोय, मेनन यांच्या पुस्तकात साडेपाचशेच्या वर संस्थानं संघात येताहेत. दिशा उलटी, पण टेबल एकाच जातीचं. दोन्ही पुस्तकं मला आवडतात. दोन्हींत एकच खोट आहे आणि ती आपल्या बाजूला जास्त महाग पडली, असं माझं म्हणणं आहे.

आधी बार्निएंचं बलस्थान. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी युरोपीय नेत्यांसमोर एक पानभर चित्र ठेवलं. उतरता जिना. वरच्या पायरीवर संघाचं पूर्ण सदस्यत्व, मग नॉर्वे, स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, कॅनडा आणि दक्षिण कोरिया, आणि तळाशी काहीच करार नाही. प्रत्येक पायरीशेजारी ब्रिटनची एकेक अट लिहिलेली. लोकांची मुक्त ये-जा नको, युरोपीय न्यायालय नको, वर्गणी नको, म्हणून ही पायरी बाद, तीही बाद. उरते ती कॅनडाची पायरी. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. क्लायंटला सगळी फीचर्स हवी असतात, त्यांच्याबरोबर येणारी बंधनं नको असतात. मग कुणीतरी शांतपणे फळ्यावर तक्ता काढतो आणि खोलीतला आवाज बसतो. बार्निएंची डायरी या तक्त्यासारखीच आहे. सभ्य, नेटकी, चिकाटीची.

पण तक्ता समजला म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण खरा वाद टेबलाच्या पलीकडच्या माणसाशी नव्हताच. जुलै २०१८ मध्ये ब्रिटनचे ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस राजीनामा देतात, नोव्हेंबरात त्यांच्या जागी आलेले डॉमिनिक राब देतात. १५ जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांनी ठरवून आणलेला ५८५ पानांचा करार त्यांचीच संसद ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळते. ब्रिटनची बोलणी ब्रसेल्समध्ये कमी आणि स्वतःच्या मागच्या खोलीत जास्त चालली होती. त्या खोलीत बार्निएंना जाता येत नाही. दारावर कान लावलेल्या माणसासारखे ते आवाज टिपत राहतात.

आता मेनन उघडा, हैदराबादची प्रकरणं. निजामाला सामीलनामा नको होता, बरोबरीच्या नात्याचा करार हवा होता. त्याच्या बाजूला वॉल्टर मॉन्क्टन हा इंग्रज वकील, ज्यानं आठव्या एडवर्डला राजत्यागाच्या वेळी सल्ला दिला होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीत मसुदा ठरला. शिष्टमंडळ तो घेऊन निघणार, त्या २७ तारखेच्या पहाटे इत्तेहादच्या जमावानं मॉन्क्टन, छत्तारीचे नवाब आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघालंच नाही, ते बदललं गेलं. महिन्याभरानं, २९ नोव्हेंबरला, निजामानं एक वर्षाच्या ‘जैसे थे’ करारावर सही केली. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांचा शेवटचा प्रयत्नही फसला. इथंही मसुदा अडला तो मागच्या खोलीत.

मेनन हे सगळं इतिवृत्तासारखं लिहितात. कोण कधी आलं, काय म्हणालं, कुठला शब्द बदलला. बार्निएंना त्या त्या रात्री पुढचं माहीत नाही, मेननना शेवट माहीत आहे. त्यामुळे मेननच्या पानांवर अनिश्चितता नाही, फक्त उशीर आहे. आणि तिथंच ती खोट दिसते. ‘जैसे थे’ हा शब्द दिल्लीच्या फायलीत शोभतो. मराठवाड्यातल्या गावांत त्या वर्षी काहीच जैसे थे नव्हतं. रझाकारांच्या धाडी होत्या, सरहद्दीवर पळून गेलेली कुटुंबं होती, स्वामी रामानंद तीर्थ बहुतेक काळ तुरुंगात होते. बोलणी ज्यांच्याबद्दल चालली होती, त्यांना टेबलावर खुर्ची नव्हती.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांनंतर तर पुस्तक हुश्श करतं. कारवाईच्या काळात देशात कुठे जातीय दंगल झाली नाही, याचं समाधान मेनन नोंदवतात. पुढे नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं कारवाईदरम्यान आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज दिला, तो २७ ते ४० हजारांचा. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही मराठी नावं आहेत. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो आणि तो करावाच. पण रझाकारांचे बळी आणि नंतरचे बळी एकाच वहीत लिहिण्याची सवय आपल्याला लागली नाही. मेननसारखी पुस्तकं ती सवय लावत नाहीत.

मी हे हरिहरेश्वरातून लिहितो, त्यामुळे सीमा हा शब्द मला कागदी वाटत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि आमचं गाव, ही सगळी हबसाण १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची. सावित्रीच्या पलीकडे बाणकोट इंग्रजांचं. मोहन धारियांसारखी विशी-बाविशीतली पोरं जंजिरा मुक्तीच्या लढ्यात उतरली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात गेलं. आज बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीत गाडी चढवताना आपण एक जुनी सरहद्द ओलांडतोय हे कुणाच्या ध्यानातही नसतं. आयर्लंडमधल्या पाचशे किलोमीटरच्या सीमेवर लोकांना नेमकं एवढंच हवं होतं. सीमा असू दे, पण ती ओलांडताना जाणवायला नको. बार्निएंना हे उमगलं होतं. ते त्या सीमेवर गेले, माणसांना भेटले आणि डायरीतली ती पानं सर्वांत जिवंत आहेत.

मासळीची पानंही तशीच. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा एका टक्क्याहून बराच कमी, तरी २४ डिसेंबर २०२० ला व्यापार करार झाला तेव्हा अगदी शेवटपर्यंत अडून राहिली ती मासळीच. आमच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांवरून किती भांडणं होतात हे पाहणाऱ्याला त्यात नवल नाही. समुद्र किती टक्के आहे हे कोळी विचारत नाही, कुणाचा आहे हे विचारतो.

म्हणून बार्निएंचा शेवट मला जास्त खटकतो. ब्रिटनमधल्या लोकांचा राग खरा होता, तो लोकानुनयापेक्षा वेगळा ओळखायला हवा, असं ते बजावतात. आणि पुस्तक आलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, फ्रान्सच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागताना, स्थलांतराच्या बाबतीत फ्रान्सनं युरोपीय न्यायालयांपासून आपलं कायदेशीर सार्वभौमत्व परत मिळवावं, असं तेच म्हणाले. जिन्यातल्या ज्या पायऱ्या त्यांनी ब्रिटनला एकेक करून खोडून दाखवल्या, त्यांतलीच एक. उमेदवारी मिळाली नाही ती नाहीच.

याला नुसता दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे. मला त्यात या प्रकारच्या पुस्तकांची मर्यादा दिसते. वाटाघाट करणारा समोरच्याची मागची खोली बारकाईनं पाहतो. आपलीही एक आहे, हे त्याच्या पानांवर येत नाही. बार्निएंची ती खोली सहा महिन्यांत उघडी पडली. मेननची उघडायला आपल्याला सुंदरलाल अहवालाची वाट पाहावी लागली, आणि उघडल्यावरही आपण आत फारसं डोकावलेलो नाही. दोन्ही पुस्तकं जरूर वाचा. मेनन वाचताना मात्र शेजारी मराठवाड्याचा नकाशा उघडा ठेवा.