चौल कोणाचे?

धाटाववरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथल्या पोर्तुगीज कोटापासूनच चौलची कथा सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. डॉ. जर्सन दा कुन्हा यांचा चौल-वसईवरचा १८७६चा ग्रंथ पुन्हा वाचताना मला ती सवय खटकली. टॉलेमीचे ‘सिमुल्ला’, अरबांचे ‘सैमूर’ म्हणजे चौलच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १५२१मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला. आपल्या वस्तीला त्यांनी शेजारच्या गावाचेच नाव दिले: ती ‘खालचे चौल’, मूळ गाव ‘वरचे’. १७४०मध्ये कोट मराठ्यांकडे आला. आज तो रेवदंड्याचा म्हणून ओळखला जातो. चौल हे नाव मूळ गावाकडेच राहिले. म्हणून पोर्तुगीजांना कोटाचे श्रेय जरूर द्यावे, चौलचे नव्हे.