ध्वनिमुद्रिका आणि ख्यालगायकीचे मूल्यमापन

ख्यालगायकीच्या घराण्यांविषयी आज जे लेखन होते, त्यातील बराच भाग ध्वनिमुद्रिकांच्या आधारावर उभा असतो. ज्या गायकांस प्रत्यक्ष ऐकलेले श्रोते आता उरले नाहीत, त्यांच्या गाण्याविषयी निर्णय देताना तबकडी हीच मुख्य साक्षीदार ठरते. साक्ष ग्राह्य मानण्यापूर्वी साक्षीदाराची पारख करावी, हा साधा न्याय मात्र येथे क्वचितच पाळला जातो. ध्वनिमुद्रिका ही गायनाची केवळ नोंद आहे, की तो गायनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून तिच्यावरून काढलेली अनुमाने भक्कम ठरणार नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गैस्बर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा तो आरंभ होय. मुद्रित झालेली मेणाची पाटी जर्मनीत हॅनोव्हर येथे जाई आणि लाखेच्या तबकड्या तेथे छापून येत. कोणती पाटी कोणाची हे तेथील कारागिरांस कळावे म्हणून गायिका शेवटी आपले नाव उच्चारीत असे. मिनिटास सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपास, तर बारा इंची तबकडीवर चार ते साडेचार मिनिटे गायन मावे. विजेवर चालणारा मायक्रोफोन १९२५ नंतर प्रचारात आला. त्यापूर्वी गायकास कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्या आवाजात गावे लागे. तंबोऱ्याचा नाद त्या कर्ण्यात जवळजवळ शिरतच नसे. ज्या नादाच्या पार्श्वभूमीवर आपला स्वर उभा राहतो तोच नाद वगळून झालेल्या मुद्रणावरून एखाद्या गायकाच्या स्वरलगावाची चिकित्सा करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या मर्यादेविषयी दोन मते सामान्यतः आढळतात. पहिले मत असे, की तबकडीने ख्यालाचा संकोच केला, विस्ताराचा बळी दिला आणि श्रोत्यांची अभिरुची उथळ केली. दुसरे मत असे, की तबकडी हे निव्वळ साठवणीचे साधन आहे. थोडे का होईना, जे गायिले गेले ते तिने राखले. ही मते परस्परविरोधी भासली तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. मैफलीतील गायन हेच मूळ, आणि तबकडी म्हणजे त्याचा तुकडा, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हे गृहीतच तपासले पाहिजे.

किराणा घराण्याची गायकी घ्या. एकेका स्वराची सावकाश बढत हे तिचे बलस्थान. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेते. तेव्हा तीन मिनिटांत फार तर चार आवर्तने होतील. एवढ्यात बढत ती कोणती होणार? अब्दुल करीम खाँ यांची सर्वांत लोकप्रिय तबकडी झिंझोटीतील ठुमरीची आहे, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. याउलट जयपूर-अत्रौली गायकीत मध्यविलंबित त्रितालाच्या एकेका आवर्तनात बोल, लय आणि आकार यांची घट्ट वीण असते. आवर्तन हेच तेथे रचनेचे पूर्ण एकक असल्याने तबकडीच्या अल्प अवकाशातही त्या गायकीचा घाट ओळखू येतो. दोन्ही घराण्यांस एकच मर्यादा लागू झाली. परिणाम मात्र सारखा झाला नाही. म्हणून केवळ तबकड्या समोर ठेवून दोन घराण्यांची तुलना करणे म्हणजे एकाच मापाचा अंगरखा दोघांस घालून त्यांच्या अंगलोटाविषयी मत देण्यासारखे आहे.

चांगल्या गायकांनी या मर्यादेस निमूटपणे मान तुकविली असेही नाही. त्यांनी तिच्यासाठी एक नवी रचनापद्धती घडविली. आरंभीचे आलाप गाळून मुखड्यावर थेट येणे, अंतरा लवकर घेणे, तानांची चढती मांडणी करणे आणि अखेरची सम नेमकी गाठणे, हे तिचे नियम होत. मैफलीत क्षणापुरती सुचलेली आणि विरून जाणारी उपज येथे कायमची स्थिर झाली. श्रोता घरी बसून तीच तान वीस वेळा ऐकू लागला; विद्यार्थी ती पाठ करू लागले. जी जागा गायकाच्या स्वातंत्र्याची होती, ती अशा रीतीने अनुकरणाची झाली. विश्रांतीच्या वेळी करमणुकीसाठी घेतलेल्या यंत्राने परंपरेच्या शिक्षणातच हा बदल घडवून आणला, याची नोंद आपल्या अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही.

अर्थकारणाचा भागही उपेक्षणीय नाही. दरबारी आश्रयात एकट्या जाणत्याची मर्जी पुरेशी असे; अल्लादिया खाँ यांस कोल्हापूरचा आश्रय होता. कंपनीचा हिशेब मात्र खपावर. नाट्यपदे, ठुमऱ्या, भजने आणि पुढे भावगीत यांस त्यामुळे साहजिकच झुकते माप मिळाले. परंतु त्याच हिशेबाने दुसरेही एक कार्य केले. आरंभीच्या काळात अनेक उस्ताद मुद्रणास राजी नसताना व्यावसायिक गायिका पुढे आल्या, आणि ज्या स्त्रियांस समाजाने दिवाणखान्याच्या पलीकडे मान दिला नव्हता त्यांचा आवाज प्रतिष्ठितांच्या घरांत पोचला. बाजाराने कलेची हानीच केली, हा निर्णय म्हणून एकांगी ठरतो.

यापेक्षा गंभीर प्रश्न अनुपस्थितांचा आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली आणि अल्लादिया खाँ १९४६ साली निवर्तले. दोघांच्या काळात मुद्रणाची सोय होती. तथापि दोघांचेही गायन आज आपणांस ऐकावयास मिळत नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यांतून आणि आठवणींतूनच कळते. तबकडी हेच प्रमाण मानणाऱ्या इतिहासात असे गायक हळूहळू पायथ्याच्या टिपांत जातील, आणि मुद्रणास अनुकूल ठरलेले गायक युगप्रवर्तक म्हणून मिरवतील. साधनाच्या उपलब्धतेस गुणवत्ता समजण्याची ही चूक आहे.

या विवेचनाची कसोटी पाहावयाची तर एक विलक्षण उदाहरण उपलब्ध आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तीवर ५५ भाषांतील अभिवादने, त्यांत मराठीही, आणि सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत घातले. एवढे संगीत मावावे म्हणून ती नेहमीच्या लाँगप्लेच्या निम्म्या वेगाने फिरेल अशी केली. या संगीतात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीतील एक चीज आहे. तिची लांबी साडेतीन मिनिटे, म्हणजे लाखेच्या तबकडीच्या एका बाजूची. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागास आणि चिनी गुचिनवादनास याच संग्रहात प्रत्येकी सात मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला आहे. वीस-पंचवीस मिनिटांचा राग मात्र तेथे सामावणे अवघड होते. त्याचा तुकडाच घ्यावा लागता. भैरवीची ही चीज तुकडा न होता समग्र रचना म्हणून जाऊ शकली, याचे कारण ती मुळातच अल्प अवकाशासाठी बांधलेली होती. जयपूर गायकीचा मैफलीतील विस्तार त्या यानावर नाही, हे खरे. परंतु जे आहे ते अपुरे नाही. ध्वनिमुद्रणाविषयी आयुष्यभर अंतर राखलेल्या केसरबाई व्हॉयेजर १ च्या उड्डाणानंतर अकरा दिवसांनी निवर्तल्या. १९७७ पासून मानवाच्या दूरतम प्रवासात आपल्या संगीताचे प्रतिनिधित्व मैफलीऐवजी तबकडी करीत आहे.

लाँगप्ले आल्यावर अवकाश वाढला. आमीर खाँ यांच्या मारवा आणि दरबारी यांच्या मुद्रिकेत अतिविलंबितास प्रथमच पुरेशी जागा लाभल्याचे जाणवते. तथापि साधन बदलले म्हणून सवय लगेच बदलत नाही. लाखेची तबकडी गेल्यावरही चित्रपटगीताने आणि भावगीताने तिचेच माप पुष्कळ काळ सांभाळले. आज साठवणीला मर्यादा उरलेली नसताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तानेचे तुकडे फिरतात. पूर्वीची मर्यादा लाखेची होती, आताची लक्ष देण्याच्या शक्तीची आहे. आणि लाखेच्या मर्यादेतून एक घाटदार रचनाप्रकार निघाला, तसा या तुकड्यांतून अद्याप निघालेला दिसत नाही.

या सर्वांतून अभ्यासकांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. मुद्रिकेचा उपयोग करताना तिचा काळ, तिची लांबी आणि मुद्रणाची पद्धत यांचा निर्देश प्रत्येक वेळी करावा. मुद्रिकेतील गायनाचे गुणदोष मुद्रिकेच्या नियमांनी ठरवावेत. त्यांवरून मैफलीविषयी अनुमान काढावयाचे असल्यास शिष्यपरंपरा आणि समकालीन श्रोत्यांची लिखित साक्ष यांचा आधार घ्यावा. आणि ज्यांची मुद्रिका नाही त्यांच्या शिष्यांच्या गायकीचा अभ्यास, ती परंपरा गाणारे गायक हयात आहेत तोवर, हाती घ्यावा. शेवटचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.