'ग्रस्त' या शब्दाचा वारसा

सरकारी दाखल्याचे परीक्षण या पृष्ठांत करावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व आसपासच्या गावांत घरोघर जपलेले एकपानी वाङ्मय म्हणजे 'भूकंपग्रस्त' दाखलाच होय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे घरे कोसळली, हजारो माणसे गेली. मागे उरलेल्यांस हा कागद मिळाला. त्याच्या आधारे सरकारी नोकरीतील गट 'क' व 'ड' यांच्या शेकडा 2 जागांवर हक्क सांगता येतो. दाखला एका वारसाकडून दुसऱ्याच्या नावे करता येतो. घरातील एकास नोकरी लागली की घराचा हक्क सरतो.

सवलतीविषयी आमची तक्रार नाही; तक्रार शब्दाविषयी आहे. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो आणि सुटतोही. येथे ग्रहण सुटते ते नेमणुकीच्या हुकुमाने! भूकंपानंतर जन्मलेला मुलगा नोकरीच्या अर्जात 'भूकंपग्रस्त'. थोरला तलाठी होताच धाकटा मुक्त. ढिगाऱ्यातून लेकरू उपसणाऱ्या आईचे काय, हे कोणत्याच रकान्यात नाही.

याच जिल्ह्यातून रझाकारांच्या भयाने सोलापूर-बार्शीकडे गेलेली पुष्कळ कुटुंबे सप्टेंबर 1948 नंतर गावी परतली. परतण्याबरोबर त्यांचे निर्वासितपण संपले. ते नातवांस देण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्याच वर्षी घर सुटलेल्या पॅलेस्टिनी लोकांस परतता आले नाही, म्हणून त्यांची नोंदवही निराळी झाली. 1 जून 1946 ते 15 मे 1948 या काळात ज्याचे नित्याचे वास्तव्य पॅलेस्टाइनात होते आणि 1948 च्या युद्धात ज्याचे घर व उपजीविका दोन्ही गेली, तो निर्वासित, अशी संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेची व्याख्या आहे. पुरुषशाखेतील सर्व वंशजांस ही नोंद मिळते. नोकरी लागली, इतकेच काय जॉर्डनचे नागरिकत्व मिळाले, तरी ती पुसली जात नाही. 1950 साली सुमारे 7.5 लाखांची असलेली यादी आज 59 लाखांच्या घरात आहे. निर्वासितपण असे वाढवू नये, असा आक्षेप पुष्कळ घेतात. परतण्याचा प्रश्न अनिर्णित असता आम्हांस तो पटत नाही. मुलींच्या शाखेस तीत जागा नाही, हा मात्र उघड अन्याय आहे. तरीही पोटापाण्याची सोय झाली म्हणून आपत्ती सरली, असे ती वही लिहीत नाही.

आमच्याकडील अर्जाच्या रकान्यात 'भूकंपग्रस्ताचा वारस' असे छापावे. शाई थोडी अधिक लागेल.