आश्रय, अभयारण्य आणि आजार : टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांचे ‘रेफ्यूज’

निसर्गाच्या सान्निध्यात दुःख निवळते, हे विधान मराठी समीक्षेत इतक्या वेळा आले आहे की त्याला पुरावा मागावा असे आपल्याला वाटत नाही. बालकवींच्या कवितेची चर्चा असो वा दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (1956) या ललित लेखनाची, निसर्ग हा मनाला सावरणारा असतो हे गृहीत धरूनच विवेचन पुढे जाते. (‘ऋतुचक्र’मधला निसर्ग याहून कितीतरी अधिक जागा, क्वचित निष्ठुरही आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.) कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या संदर्भात मात्र हे गृहीत तपासून घ्यावे लागते. शरीरात पेशींची जी बेबंद वाढ सुरू असते, ती निसर्गाचाच भाग मानायची की निसर्गाविरुद्धचे बंड? निसर्गाचाच भाग मानली, तर दिलासा कोणाकडे मागायचा?

या प्रश्नाला थेट भिडणारे पुस्तक म्हणून अमेरिकन लेखिका टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांच्या ‘रेफ्यूज : अ‍ॅन अननॅचरल हिस्टरी ऑफ फॅमिली अँड प्लेस’ (1991) या आत्मपर ग्रंथाचा येथे विचार करायचा आहे. लेखिका यूटा राज्यातील, मॉर्मन कुटुंबातील, व्यवसायाने निसर्ग-अभ्यासक. 1983 साली तिच्या आईला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी 1971 मध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेला होता. याच काळात ग्रेट सॉल्ट लेक हे खारे सरोवर फुगू लागले. 1982 ते 1987 या वर्षांत त्याची पातळी सुमारे 12 फुटांनी वाढली आणि 1928 मध्ये स्थापन झालेले बेअर रिव्हर हे स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान खाऱ्या पाण्याखाली गेले. गोड्या पाण्यातले लव्हाळे मेले, पक्षी पांगले. आई जानेवारी 1987 मध्ये गेली. प्रत्येक प्रकरणाला एका पक्ष्याचे नाव आहे आणि शीर्षकाखाली सरोवराची त्या वेळची पातळी फुटांत नोंदवलेली आहे. आजाऱ्याच्या उशाशी टांगलेल्या तापाच्या तक्त्यासारखी ती वाचकाच्या नजरेसमोर सतत राहते.

शीर्षकातील शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. पक्ष्यांसाठी आपण ‘अभयारण्य’ म्हणतो, माणसासाठी ‘आश्रय’. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, म्हणून लेखिकेला पक्ष्यांकडून आईकडे आणि आईकडून पक्ष्यांकडे सहज जाता येते. मराठी वाचकाला मात्र ‘अभय’ हा घटक सुटा दिसतो, आणि तो दिसल्यावर पुस्तकातली एक गोष्ट अधिक ठळक होते : येथे आश्रय आहे, अभय कोठेच नाही. ज्या जागी मन शांत व्हावे तीच जागा बुडते आहे.

पुस्तकातील सर्वांत मर्मग्राही प्रसंग आरंभीच्या भागात येतो. पोटात गाठ असल्याचे आईला आधीच जाणवले होते. तरीही महिनाभर तिने ते कोणाला सांगितले नाही. तिला ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीने नौकाप्रवास करायचा होता, आणि तो आपल्याच मनासारखा करायचा होता. प्रवास झाला, मग तिने घरी सांगितले. वैद्यकीय दृष्टीने पाहता हा विलंब समर्थनीय नाही, आणि कोणत्याही वाचकाच्या मनात तो प्रश्न उठल्यावाचून राहणार नाही. पण लेखिका आईला दोषही देत नाही आणि तिचा गौरवही करीत नाही. निदानाच्या शब्दाने आपण ‘रुग्ण’ होतो. त्यानंतर आपल्या दिवसांचे वेळापत्रक इतरांच्या हाती जाते. त्या शब्दाच्या अलीकडचे थोडे दिवस आईने नदीसाठी राखून ठेवले. येथे निसर्ग औषध म्हणून येत नाही, आजार विसरायला लावणारी करमणूक म्हणूनही येत नाही. गाठ शरीरात आहेच. तिच्यासह त्या प्रचंड दरीतून वाहत जाणे एवढेच घडते. ‘सांत्वन’ हा आपला रूढ शब्द या अनुभवाला अपुरा वाटतो, कारण सांत्वन करायला दुसरे कोणीतरी लागते आणि दरी काहीच बोलत नाही.

मुलीचा मार्ग निराळा आहे. पक्षिनिरीक्षणाचा छंद तिला आजीकडून मिळाला. त्या छंदाला नोंदवही आणि शिस्त आहे. सरोवराच्या काठी तिला एक मृत हंस सापडतो. ती त्याचे पंख नीट पसरते, चोच स्वतःच्या लाळेने स्वच्छ करते, डोळ्यांवर काळे खडे ठेवते आणि त्याच्या शेजारी पडून राहते. आईच्या मृत्यूला अजून अवकाश असताना केलेला हा अंत्यविधीचा सरावच म्हणावा लागेल. धर्मसंस्थेने दिलेल्या विधींत स्त्रीला जे स्थान मिळत नाही, ते ती या निर्जन किनाऱ्यावर स्वतः घेते. मॉर्मनांच्या सामूहिक स्मृतीत पक्षी आधीपासून आहेतच : 1848 मध्ये पिकांवर पडलेली किड्यांची धाड कुरव पक्ष्यांनी खाऊन टाकली, अशी त्यांची श्रद्धा आहे. लेखिका या पुण्यकथेतले पक्षी उचलते, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवीत नाही.

सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटफर’ (1978) मध्ये घेतलेला आक्षेप येथे टाळता येणार नाही. आजाराला रूपक बनवू नये. रूपकांमुळे रुग्णावर लाज आणि अपराधभाव लादला जातो, असे त्यांचे, स्वतः कर्करोगातून गेलेल्या लेखिकेचे, प्रतिपादन होते. ‘रेफ्यूज’ तर उभेच रूपकावर आहे. युद्धाची भाषा विल्यम्स नाकारतात हे ठीक. पण तिच्या जागी कर्करोगाची वाढ आणि सर्जनाची प्रक्रिया यांतील साम्य त्या मांडतात, तेव्हा हे पुस्तक मला लटके वाटते. कल्पना नकळत रुजते आणि गाठही नकळत रुजते, एवढ्या साम्यावर वेदनेला सौंदर्य बहाल करता येत नाही. सरोवराच्या पातळीशी आईच्या प्रकृतीचा मेळ घालण्याचा प्रयत्नही काही प्रकरणांत ओढूनताणून आणलेला आहे. उलट जेथे पक्षी केवळ पक्षी राहतात आणि आई केवळ आई, तेथे लेखन विलक्षण उंची गाठते. अखेरच्या घटकांत मुलगी आईच्या श्वासाबरोबर श्वास घेत राहते; त्या पानांवर सरोवराची आठवणही होत नाही.

ग्रंथाचा उपसंहार मात्र या साऱ्या मांडणीला हादरा देतो. 1951 ते 1962 या काळात शेजारच्या नेवाडा राज्यात अमेरिकी सरकारने अणुबाँबच्या चाचण्या उघड्या आकाशाखाली केल्या आणि त्यांची धूळ वाऱ्याबरोबर यूटावर आली. वाळवंटातील लखलखाटाचे एक स्वप्न लेखिकेला वारंवार पडत असे. ते स्वप्न नसून 1957 मध्ये आईच्या मांडीवरून प्रत्यक्ष पाहिलेला स्फोट होता, असे आईच्या मृत्यूनंतर वडील तिला सांगतात. घराण्यातील नऊ स्त्रियांवर स्तनाच्या शस्त्रक्रिया झालेल्या. 1984 मध्ये एका न्यायालयाने काही पीडितांच्या बाजूने दिलेला निकाल 1987 मध्ये वरच्या न्यायालयाने, शासनाला असलेल्या कायदेशीर संरक्षणाच्या आधारे, फिरवला. आता प्रश्न असा : तीनशे पाने निसर्गाने जो स्वीकार शिकवला, त्याचे काय करायचे? पाणी चढते तसा मृत्यू येतो, असे मानणे एक. सरकारने तो धाडला, असे कळणे दुसरे. पहिल्यात शरणागती शोभते, दुसऱ्यात ती आज्ञाधारकपणा ठरते. 1988 मध्ये चाचणीक्षेत्रात शिरून लेखिका अटक करवून घेते. सुटकेच्या वेळी त्या आंदोलकांना अद्दल घडावी म्हणून दूर वाळवंटात सोडून दिले जाते, आणि वाळवंट हेच त्यांचे घर आहे हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. शरणागती आणि संताप यांची सांगड पुस्तकात अन्यत्र बसत नाही. या एका प्रसंगात ती बसते.

कार्यकारणाच्या बाबतीत आजच्या वाचकाने सावध राहणे भाग आहे. स्तन व अंडाशय या दोन्ही कर्करोगांची शक्यता वाढवणारे आनुवंशिक दोष 1994 आणि 1995 मध्ये, म्हणजे ग्रंथप्रकाशनानंतर, नेमके ओळखले गेले. एखाद्या घराण्यातील आजार किरणोत्सर्गाने की वारशाने, हे केवळ कुटुंबकथेवरून ठरवता येत नाही, आणि तसे सिद्ध केल्याचा दावा विल्यम्सही करीत नाहीत. तरीही चाचण्या झाल्या, धूळ आली आणि धोका नाही असे लोकांना सांगितले गेले, ही वस्तुस्थिती उरतेच.

सरोवराची कथाही पुढे उलटली. 1987 मध्ये वाढते पाणी पश्चिमेच्या वाळवंटात ढकलण्यासाठी कोट्यवधी डॉलरचे पंप बसवले गेले आणि अवघ्या दोन वर्षांत ते थांबवावे लागले. 2022 मध्ये सरोवराने नोंदींच्या इतिहासातील नीचांक गाठला. शेती आणि शहरांकडे वळवलेले नद्यांचे पाणी हे त्याचे प्रमुख कारण. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे, आणि त्या प्रदेशात पुन्हा एकदा वाऱ्याबरोबर काय येते याची चर्चा चालू आहे. लेखिकेने सरोवराला निसर्गाच्या बाजूला आणि आजाराला माणसाच्या करणीच्या बाजूला ठेवले होते. प्रकरणांच्या शीर्षकाखालचे ते आकडे आज वाचताना ही वाटणी टिकत नाही.